एक सोडला, दोन आले

१

एक सोडला होता, आले दोन.

बत्तीस वर्षं चाललेली लाइन बंद करायची होती, आणि बंद करण्याआधी तिला एक शेवटची आंघोळ घालायची असा नियम. खालच्या स्टेशनवर नळीच्या टोकाचं जाड झाकण उघडलं, तेव्हा आधी आलं ते नेहमीचंच. काळं मेण, खारं पाणी, वाळू आणि तो वास, जो कपड्यांतून तीन धुण्यांत जातो आणि माणसातून निवृत्तीनंतरही जात नाही. मग मेणात पार रुतलेला एक पिग निघाला. गड्यांनी तो ओढून बाजूला ठेवला, हात पुसले, झाकण लावायला घेतलं. तेवढ्यात मागून दुसरा आला. हा चकचकीत, त्याच सकाळी वरच्या स्टेशनवरून सोडलेला.

मग पहिला कुणाचा?

काम पाहणाऱ्या इंजिनीअर बाईंनी मला फोन केला. मुलगी तरुण आहे, पण प्रश्न नेमका विचारते.

"काकू, तुमच्या वह्यांत एखादा पिग कमी आहे का?"

मी या लाइनीच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं नोंदी लिहिल्या. माझ्या पाठीमागे लोक मला नोंदबाई म्हणायचे, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्रश्न ऐकून मी चष्मा काढून ठेवला. वही उघडून बघायची गरजच नव्हती.

कमी होता. एकच. बावीस वर्षांपूर्वी. आणि त्या एका पिगापायी दोन माणसं एकमेकांना मेली होती.

२

पिग म्हणजे प्राणी नव्हे. आमच्या लाइनीत तेल, पाणी आणि वायू अशा तिघांचा एकत्र संसार, आणि एकत्र संसारात साचतं तसं तिच्यातही साचायचं. गारठ्यात मेण भिंतीला धरायचं, सखल जागी पाणी तुंबायचं. ते खरवडून पुढे लोटायला आत एक गडी सोडायचा: लोखंडी दांडा, त्यावर नळीच्या मापाच्या रबरी चकत्या, तारेचे ब्रश आणि मागे एक कडी. मागून वायूचा दाब त्याला ढकलत न्यायचा. वरच्या स्टेशनपासून खालच्यापर्यंत एकतीस किलोमीटर, साधारण साडेपाच तास.

कागदावर पिग. बोलण्यात जावई.

हे नाव मास्तरांनी ठेवलं. ते वरच्या स्टेशनचे प्रमुख. आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या चुका काढायचे, म्हणून मास्तर. "येणार म्हटलं की घरदार खोळंबतं, येतो आपल्या मर्जीने, आणि वाटेत रुसून बसला की सगळ्यांचा दाब वाढतो," असं ते म्हणायचे. खालच्या स्टेशनचे प्रमुख त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मास्तर त्यांना दाजी म्हणत, म्हणून आम्हीही सगळे दाजीच म्हणायचो. टोमणा कुणाला होता ते सांगायला नको. दाजीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. वरून फोन यायचा, "दाजी, जावई निघाला." खालून उत्तर जायचं, "येऊ दे, पाय धुवायला पाणी ठेवलंय." ऑफिसातली आमची लाइन मध्येच जोडलेली असायची, आणि हे ऐकायला आम्ही कामं सोडून बसायचो.

सोडण्याआधी मास्तर कडीला कापडाची एक चिंधी बांधायचे. जावयाचा आहेर. कोठारात सगळे पिग एकसारखे, नंबर कुणालाच नाही. ओळख म्हणाल तर ती चिंधी. खाली दाजी झाकण स्वतः उघडायचे, ती सोडून घ्यायचे, आणि पुढे काय करायचे देव जाणे.

मास्तर दिवसाचा तक्ता एका सुट्या कागदावर लिहायचे, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने. टोक जिभेवर ओलं करायची सवय, त्यामुळे ओठ कायम जांभळे, शाळेतून शाई पिऊन आल्यासारखे. आमचा दिवस घड्याळाचा नव्हता, लाइनीचा होता. सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि दुसऱ्या सकाळी सहाला संपायचा. पाळ्याही सहा ते सहा. आपला पिग पुढच्या पाळीच्या गळ्यात नको म्हणून मास्तर पाळी संपायच्या वीस मिनिटं आधी, पाच चाळीसलाच, सोडायचे. तक्त्याच्या तळाला एकूण नोंदी किती ते लिहायचे, सही करायचे. मग जीप तो कागद घेऊन निघायची, अर्ध्या वाटेवर लाइन राखणाऱ्या कानोबाच्या चौकीवर थांबायची, मग दाजींकडे, मग ऑफिसात माझ्याकडे. मी तो मोठ्या वहीत शाईने उतरवायची. माझी रीत ठरलेली: आधी पानाचं डोकं आणि पाय भरायचे, मग पोट. सुटा कागद नंतर शेगडी पेटवायला.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या तेरा तारखेला मास्तरांचा बदली माणूस आला नाही. ते सलग चोवीस तास उभे राहिले. एक पिग सोडला, तो रात्री अकराला पोचला. दाब उतरला नाही म्हणून आणखी एक सोडला, असं त्यांचं म्हणणं. दुसरा आलाच नाही, असं दाजींचं. कोठारातून दोन नेले होते. आणि माझ्या वहीत नोंद एकच.

चौकशी झाली. मी कोपऱ्यात लिहून घेत होते.

"पहिला किती वाजता सोडला?"

"पाच चाळीस."

"आणि दुसरा?"

"तोही पाच चाळीस."

साहेब हसले. "म्हणजे एकच पिग आम्हाला दोनदा सांगताय."

"एक संध्याकाळचा, एक सकाळचा. तक्त्यात दोन ओळी लिहिल्यात मी."

"वहीत तर एकच आहे. बाई, तुमची वही मूळ कागदाबरहुकूम असते ना?"

"अक्षराला अक्षर," मी म्हणाले.

मास्तर दाजींकडे वळले. "कागद तुमच्या हातून गेला. ओळ खोडलीत तुम्ही. जावई म्हणतो त्याचा राग असा काढलात?"

"नसलेला पिग मी कुठून आणू रे? झोपेत सोडला असशील," दाजी म्हणाले.

मास्तरांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: नोंद केल्याचे खोटे सांगितले. त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. शेरा पुसल्याशिवाय दाजींच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही म्हणाले, आणि मास्तर शब्दाचे पक्के, हीच तर अडचण. सख्खी बहीण त्याच घरात. बावीस वर्षं ती भावाला बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या तरी लग्नात भेटत आली.

"शनिवारी सगळं दप्तर बांधून गोदामात जातंय," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "त्यानंतर शेरा बदलायला ऑफिसच उरणार नाही. आज मंगळवार आहे, काकू."

३

जुना पिग पत्र्यावर आडवा ठेवला होता. मेण इतकं चढलेलं की एखाद्या मोठ्या मेणबत्तीसारखा दिसत होता.

"हा तोच कशावरून?" इंजिनीअर बाईंनी विचारलं. "बत्तीस वर्षांतला कुठलाही असू शकतो."

"कुठलाही नाही. बाकीच्यांचा हिशेब लागतो."

"कागदावर लागतो. मला शेरा पुसायचा तर पुरावा लागेल."

मुलगी बरोबर बोलत होती. मी लाकडी पट्टी मागवली आणि कडीच्या बाजूचं मेण खरवडायला बसले. गडी हसत होते, म्हातारी केक कापतेय म्हणून. बोटभर मेण निघालं, आणखी बोटभर निघालं, आणि खाली गाठ लागली.

मेणाने कापड असं जपलं होतं की काल बांधलं असावं. मोहरी रंग, त्यावर तपकिरी पानं. मी ती चिंधी उजेडात धरली आणि ओळखली.

ते कापड मी सात वर्षं रोज सकाळी बाजूला सारलं होतं. माझ्या टेबलामागच्या खिडकीचा पडदा.

पडदे बदलले तेव्हा जुना मी चिंध्यांसाठी वरच्या स्टेशनला पाठवला होता. आणि मी एखादी वस्तू पाठवावी आणि तिची नोंद करू नये, असं कधी झालं नाही. बाद सामानाची वही तासाभरात सापडली. 'जुना पडदा, नग एक, मोहरी, वरच्या स्टेशनास. तेरा तारीख, दुपारची जीप.'

"आणि मास्तरांना पिग सोडायच्या कामावरून कधी हटवलं?" इंजिनीअर बाईंनी विचारलं.

"चौदाच्या संध्याकाळी. त्यांच्यामागे कुणी चिंधी बांधली नाही."

इंजिनीअर बाईंचे डोळे चमकले, मग विझले. "पण काकू, तेराच्या संध्याकाळचा पिग पडदा वर पोचल्यानंतरच सुटला. हा तोच असेल तर? तो पोचलाच नसेल आणि खाली नुसतंच पोचला म्हणून लिहिलं असेल तर?"

म्हणजे दाजी खोटे. एक माणूस सोडवायला गेले आणि दुसरा अडकत होता.

४

दाजी ऐंशीचे झालेत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मास्तरांच्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, चहा आणला, आणि पिग सापडल्याचं ऐकून ट्रे हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"ठेव ना तो," दाजी म्हणाले. "सापडला तर सापडला. लोखंडच ते."

"दाजी, त्या रात्री अकराला झाकण तुम्ही उघडलंत?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला का मी कधी?"

"कडीला चिंधी होती?"

"असेल. कोण बघतंय!"

"कसली होती?"

"बाई, बावीस वर्षं झाली. चिंध्यांच्या आठवणी ठेवायला मी बोहारी आहे का?"

ताईंनी ट्रे ठेवला, आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"अगं, तो कशाला..." दाजी अर्धे उठले.

"दर वेळी दिवाणखाना आवरताना विचारते, टाकू का. तर नको म्हणतात. टाकायचं नाही तर निदान दाखवा तरी," ताई म्हणाल्या.

डब्यात चिंध्या होत्या. शेकड्यांनी. धुतलेल्या, इस्त्री केल्यासारख्या चपट्या, प्रत्येकीला सुतळीने कागदाचा कपटा बांधलेला, कपट्यावर तारीख आणि पोचल्याची वेळ. माझ्यासारखी बाई अशा डब्यासमोर हरखून जाते. मी वर दाजींकडे पाहिलं. ते कुंपणाकडे बघत होते.

"तो काय पाठवेल याचा नेम नसायचा," ते म्हणाले. "एकदा टायचा तुकडा. एकदा मोजा. मी म्हणायचो, आता कोट कधी?"

शेवटचा कपटा तेरा तारखेचा, रात्री अकरा पाच. चिंधी निळ्या चौकड्यांची, आणि तिला एक काज.

"हा यांचाच सदरा," ताई म्हणाल्या. "काज माझ्या हातचं आहे. मीच जुना सदरा भावाकडे दिला होता पुसायला."

"माझाच सदरा मला आहेर," दाजी म्हणाले. "हसत फोन केला होता मी त्याला. तो शेवटचा. तासाभरात फोन मेला, आणि सकाळी... जाऊ दे."

निळी चिंधी संध्याकाळच्या पिगाची. म्हणजे मोहरी चिंधीचा पिग दुसराच. मास्तरांनी तो सोडला होता, आणि दाजींनाही तो खरंच मिळाला नव्हता. दोघंही खरं बोलले होते.

"मग बावीस वर्षं होता कुठे तो?" ताईंनी विचारलं.

५

अर्ध्या वाटेवर लाइन एका घळीजवळून जाते. तिथे तिला चारशे मीटरचा एक जोड-फाटा आहे, मूळ नळीतून निघून पुन्हा मूळ नळीला मिळणारा. त्याला आम्ही वळसा म्हणायचो. एरवी दोन्ही वाटा उघड्या. जावई निघाला की मात्र वळशाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर स्वारी आडवाटेला लागायची. हे काम कानोबाचं. काठीचं एक टोक नळीवर, दुसरं कानाच्या हाडावर टेकवून तो पिग कुठे आहे ते सांगायचा, म्हणून कानोबा. आता त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी उजव्या बाजूला बसले.

"पिग निघाला वळशातूनच ना?" त्यानेच आधी विचारलं. "या वेळी वळसाही धुवा म्हणून इंजिनीअर बाईंनी व्हॉल्व्ह उघडायला लावला, तेव्हाच मला घाम फुटला होता."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

त्याने काठीची मूठ चोळली. "फोन मेलेला. कुणी कळवलंच नाही, तर मी वळसा बंद कशाला करू? सकाळी आठच्या सुमाराला आतून खर्रर्र आलं, वळशात शिरलं, आणि घळीपाशी धप्प. मग गप्प. मी साहेबांना म्हटलं, वळशात काहीतरी अडलंय. ते म्हणाले, मेण असेल, कायमचा बंद कर. केला."

"आणि चौकशीत?"

"चौकशीत मला विचारलं, जावई येतोय म्हणून कुणी कळवलं होतं का. नाही म्हटलं. खरंच सांगितलं."

"अर्धंच."

"अर्धंच," तो म्हणाला. "वळसा उघडा कसा, असं विचारलं असतं. घरी पाच तोंडं होती, बाई. मला वाटलं मास्तरांची नोंद असेलच वहीत, ते सुटतील. नोंद नाही म्हटल्यावर मीही म्हटलं, मेणच असेल ते."

माझा पारा चढला. कागद याच्याही हातून गेला होता. झाकायलाही याच्याकडे होतं. "कानोबा, सकाळची जीप तुझ्याकडे थांबली. तक्ता तुझ्या हातात होता. ती ओळ तू खोडलीस का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बहिरा तो नव्हे, मीच.

"कशाने खोडू? ती जांभळी पेन्सिल! एकदा मास्तरांनी माझ्या सदऱ्यावर टेकवली. सदरा विरून गेला, डाग गेला नाही. कागद फाडला तरच जाईल ती ओळ. आणि फाटका कागद तुम्ही घेतला असतात?"

नसता घेतला. फाटका, डागाळलेला, खाडाखोड केलेला एकही तक्ता मी कधी सही करून घेतला नव्हता. त्या दिवशीही नाही.

मी घरी जायला निघाले. मास्तरांनी दाजींवर खोडण्याचा आळ घेतला तेव्हा त्यांचे स्वतःचे ओठ जांभळे होते. रागावलेल्या माणसाला स्वतःची जीभ दिसत नाही. पण मला तर दिसत होती. ती ओळ पुसता येण्यासारखी नव्हतीच. लिहिली असेल, तर कागदावरून ती तीन माणसांच्या हातून जाऊन चौथ्या टेबलावर पोचली होती.

चौथं टेबल माझं.

६

दप्तराच्या खोलीत अर्ध्या वह्या गठ्ठ्यांत बांधून झाल्या होत्या. ती वही मला पाठीवरूनच ओळखू आली. तेरा तारखेचं पान सुरेख होतं. तेव्हा माझं अक्षर वळणदार होतं, आणि मला त्याचा तोरा होता.

आधी पाय वाचला. 'एकूण नोंदी: नऊ.'

मग पोट मोजलं, वरून खाली, बोट ठेवून. व्हॉल्व्ह उघडला, व्हॉल्व्ह बंद केला, पाणी सोडले, पाच चाळीसला पिग सोडला... आठ. खालून वर मोजलं. आठ.

डोकं आणि पाय आधी भरायची माझी रीत. नऊ हा आकडा मी मास्तरांच्या कागदावरून जसाच्या तसा उचलला होता, आणि मग पोटात आठच ओळी लिहिल्या होत्या. बावीस वर्षांत ते पान चौकशीच्या साहेबांनी पाहिलं, तपासनिसांनी पाहिलं, मी पाहिलं. मोजलं कुणीच नाही.

काय झालं असेल हे समजायला आठवणीची गरज नव्हती. माझा हात मला माहीत आहे. तक्त्यात चौथी ओळ 'पाच चाळीस, पिग सोडला', आणि शेवटची ओळ पुन्हा 'पाच चाळीस, पिग सोडला'. वरच्या स्टेशनचं घड्याळ बारा आकड्यांचं, सकाळ-संध्याकाळ लिहायची पद्धत नाही. एरवी एका माणसाच्या एका तक्त्यात दोन पाच चाळीस यायचेच नाहीत. पाळी एकच असायची. त्या दिवशी मात्र ते चोवीस तास होते, आणि चौदाच्या सकाळचे पाच चाळीस आमच्या सहा ते सहाच्या हिशेबात तेरालाच पडत होते. मी मनाशी म्हटलं असणार, मास्तर पेंगले, एकच ओळ दोनदा लिहिली. आणि गाळली. आठवड्यातून एखादी दुबार ओळ मी गाळायचेच. पान नेटकं दिसायचं.

अक्षराला अक्षर, असं मी चौकशीत म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. अक्षरं मी एकाला एक लावली होती. ओळ मात्र खाल्ली होती.

खोलीत मी एकटीच होते, हे लपवणार नाही. वही बांधून गठ्ठ्यात ढकलायला दोन मिनिटं लागली असती. पिग आणि चिंध्या मास्तरांना सोडवायला पुरेशा होत्या. फोन मेला होता, वळसा उघडा राहिला होता, एवढं लिहून भागलं असतं. ओळ कशी गेली, हे कुणी विचारलं नसतं. मी वहीची सुतळी हातात घेतली. गाठ मारायलाही घेतली.

मग पुन्हा पाय वाचला. नऊ. हा आकडा माझ्याच अक्षरात होता. मास्तरांची बाजू मांडणारा कागदावरचा एकमेव साक्षीदार, आणि तो बावीस वर्षं माझ्या सुरेख पानाच्या तळाशी गप्प बसला होता, कारण त्याला कुणी बोट लावून विचारलंच नाही.

मी सुतळी सोडली आणि इंजिनीअर बाईंना हाक मारली. त्यांनीही मोजलं.

"अहवालात काय लिहू, काकू?"

"चूक माझी, हे लिहा. नाव पूर्ण लिहा. आणि वही मला एका दिवसापुरती द्या, सही करून घेते."

कपाटाच्या खणात जुनं सामान होतं. त्यात जांभळ्या पेन्सिलीचा एक तुकडा सापडला. तोही मी घेतला, आणि त्याचीही नोंद केली.

७

मास्तर मुलीकडे राहतात. तिने दार उघडलं आणि आत वळून ओरडली, "बाबा, नोंदबाई आल्यात!" मग जीभ चावली.

मास्तर खिडकीशी एका बिघडलेल्या इस्त्रीचे स्क्रू काढत बसले होते. सत्त्याहत्तर वर्षं. ओठ आता कुणाचेही असावेत तसे फिके.

"ऐकलं मी, सापडला म्हणे," ते म्हणाले. "दाजींनी खोडली होती ना ओळ? कबूल झाले?"

"नाही. ओळ कुणी खोडली नाही."

"मग मीच लिहिली नसेन." स्क्रूड्रायव्हर त्यांनी खाली ठेवला. "बाई, चोवीस तास जागा होतो. दिवसा दाजींना शिव्या द्यायचो आणि अंथरुणात पडलं की वाटायचं, खरंच लिहिली होती का? गेली दहा वर्षं तर मला माझीच खात्री नाही."

मी वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. "मोजा."

त्यांनी पाय वाचला. मग बोट ठेवून मोजलं. मग खालून वर. ते बोट वर जाताना बघणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात लांब काम होतं.

"आठ," ते म्हणाले. आणि मग त्यांना कळलं. चेहऱ्यावरून मला कळलं की कळलं.

"दुबार समजले मी. गाळली."

त्यांनी वही जवळ ओढली. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बावीस वर्षं, बाई."

"हो."

"विचारायचंत तरी. फोन होता."

"मेला होता."

"दुपारी लागला होता," मास्तर म्हणाले.

मी पर्समधून पेन्सिलीचा तुकडा काढून वहीवर ठेवला. त्यांनी तो उचलला, बोटांत फिरवला, आणि न विचारता टोक जिभेला लावलं. आठव्या ओळीखाली लिहिलं: 'पाच चाळीस, पिग सोडला.' थांबले. माझ्याकडे बघून पुढे जोडलं: 'सकाळ.'

"आता मोजा तुम्ही," ते म्हणाले. "मोठ्याने."

मी मोजलं. मोठ्याने. नऊपर्यंत.

"चुका काढणं सोडलं होतं मी," ते म्हणाले. "तुम्ही परत सवय लावलीत." मग मुलीकडे वळून, "आत्याचा नंबर लाव गं. आत्याकडे नको देऊ. त्यांच्याकडे दे."

फोन लागला. ओठांच्या कडेला जांभळा डाग लागला होता.

"दाजी," ते म्हणाले, "फोन मेला होता म्हणून कळवायचं राहिलं. जावई निघाला."

पलीकडे खुर्ची सरकली.

"पोचला," दाजींचा आवाज आला. "येताना किती मेण आणलंय रे! आणि तू कधी पोचतोस? पाय धुवायचं पाणी कधीचं ठेवलंय, पार गार झालं."

त्यांच्यामागून ताई ओरडल्या, ते खोलीतल्या आम्हा तिघांनाही ऐकू गेलं.

"त्याला म्हणावं तू नीघ! पाणी मी तापवते!"